घराखालची जमीन कुणाची?

वर्ध्यात घराविषयी लिहायचं म्हटलं की सेवाग्रामच्या बापूकुटीपासून सुरुवात करायची, असा एक अलिखित नियम आहे. मातीच्या भिंती, बांबू, कवेलूचं छप्पर, आसपास मिळालेलं साहित्य, आणि मग आपल्या सिमेंटच्या हव्यासाला दोन चिमटे. विचारवंत इव्हान इलिचने १९७८च्या जानेवारीत सेवाग्रामला येऊन याच कुटीवर भाषण केलं, तेव्हापासून तर या विषयाला परदेशी शिक्काही मिळाला. त्या कुटीबद्दल मला आदर आहे. पण घर घ्यायला निघालेल्या माणसाने तिच्याकडे पाहताना भिंतींवरून नजर जरा खाली उतरवावी.

३० एप्रिल १९३६ला गांधीजी शेगावला गेले (सेवाग्राम हे नाव १९४०चं), तेव्हा त्या गावातली बरीचशी जमीन मालगुजार म्हणून जमनालाल बजाजांची होती आणि आश्रमाला जागाही त्यांनीच दिली. सातबारा काढा, मागचे फेरफार पाहा, विकणाऱ्याच्या बहिणींची सही आहे का विचारा, लेआउट मंजूर आहे का तपासा, यांतलं काहीही कुणाला करावं लागलं नाही. घर साधं ठेवणं जमलं, त्यामागे वृत्ती होती हे खरंच; पण घराखालच्या जमिनीची काळजी आधीच मिटलेली होती, हेही तितकंच खरं. आज वर्ध्यात पंधराशे फुटांचा प्लॉट घेणाऱ्या शिक्षकाची, नर्सची किंवा किराणा दुकानदाराची गत नेमकी उलटी आहे. भिंतींसाठी लागणारा पैसा बँक देते. जमिनीबद्दलची खात्री मात्र कुठल्याच खिडकीवर मिळत नाही.

घर घेण्यातला त्रास म्हटलं की आपण किमतीवर बोलतो, व्याजदरावर बोलतो, ठेकेदाराच्या नावाने बोटं मोडतो. या तक्रारी खोट्या नाहीत. पण मोठा त्रास खात्रीचा आहे, आणि ती खात्री देण्याची जबाबदारी आपल्या सरकारने आजवर अंगावर घेतलेली नाही. फी प्रत्येक पायरीवर घेतली जाते, हमी कुठल्याच पायरीवर दिली जात नाही.

ही गुंतागुंत आभाळातून पडलेली नाही. वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा निघाला १८६२मध्ये. मुख्यालय आधी कवठ्याला होतं, मग १८६६मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसवलं गेलं. हा सारा मुलूख मालगुजारीचा. गावात घर बांधणाऱ्याच्या भिंती त्याच्या, पण आबादीची जमीन मालगुजाराची समजली जाई. तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ते हक्क सरकारकडे आले. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची घरं शाबूत राहिली, पण कागद कुणी नीट करून दिला नाही. म्हणून आजही खेड्यात घराचा पुरावा मागितला की माणूस ग्रामपंचायतीचा नमुना आठ पुढे करतो. नमुना आठ ही कराची नोंद आहे. घरपट्टी कोण भरतो एवढंच त्यातून कळतं. घर कुणाचं, हे त्यातून सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणांची मोजणी सुरू झाली, मिळकत पत्रिका मिळू लागल्या, हे अलीकडचं. उशिरा का होईना, चांगलं काम आहे.

शहरात वेगळे थर आहेत. जुन्या वस्तीत नझूलचे भूखंड, म्हणजे मालक सरकार आणि आपण पट्टेदार. पट्ट्याची मुदत संपली की नूतनीकरण, विकायचं तर परवानगी, अटी मोडल्या असतील तर शर्तभंग. २०२४मध्ये नागपूर आणि अमरावती विभागांतल्या नझूल जमिनींसाठी सरकारने अभय योजना काढली. अभय देण्याची वेळ आली, यातच आधी काय होतं ते आलं. त्याशिवाय भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनी. आणि विनोबांच्या पवनारपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यांनी तरी विसरू नये अशा भूदानाच्या जमिनी. १९५३च्या भूदान यज्ञ कायद्याखाली भूमिहीनाला मिळालेली जमीन त्याच्या मुलाबाळांकडे जाते, पण विकता येत नाही. विकत घेणारा म्हणतो, मी पैसे मोजले, माझ्याकडे कागद आहे. असेल. देणाऱ्याला विकण्याचा अधिकारच नव्हता, तर त्या कागदाचं करायचं काय? यावर पुन्हा विदर्भापुरता १९५८चा कुळवहिवाट कायदा, ज्याप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही.

मुख्य घोळ आहे तो गावाबाहेरच्या प्लॉटचा. सावंगीचं आणि सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय, हिंदी विश्वविद्यालय, नागपूर रस्ता, समृद्धी महामार्गाचा येळाकेळीचा फाटा. यांतल्या कशाच्याही आसपास एक एकर वावर असलं की त्यात चुन्याच्या रेघा पडतात. एकराचे चाळीस गुंठे, गुंठ्याचे १०८९ चौरस फूट. नियमाने लेआउट पाडला तर रस्त्यांना जागा जाते, आणि जमीन चार हजार चौरस मीटरच्या वर असेल तर दहा टक्के खुली ठेवावी लागते. उरतं ते विकायचं. नियम सोडून पाडला तर सगळंच विकायचं. नकाशावर हिरव्या रंगाने ‘बगीचा’ दाखवून दोन वर्षांनी तोच बगीचा प्लॉट क्रमांक देऊन विकणारेही असतात. महारेराकडे नोंदणी हवी, कारण पाचशे चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांच्या वरच्या प्रकल्पाला ती सक्तीची आहे. त्यावरही तोडगा असतो. ‘हे लेआउट नाही, ही शेतीच आहे’ असं म्हणायचं आणि सामाईक सातबारा करून द्यायचा. उताऱ्यावर दहा नावं, जागेवर दहा खुंट्या, आणि कोणती खुंटी कुणाची हे फक्त विकणाऱ्याच्या वहीत.

तुकडेबंदीचा कायदा १९४७चा. शेतीचे तुकडे पडून शेती परवडेनाशी होऊ नये, हा त्याचा हेतू. घराच्या जागेला तो लावला की काय होतं ते आपण पाहतोच आहोत. १२ जुलै २०२१च्या परिपत्रकाने गुंठ्यांची दस्तनोंदणी अडली. पुढच्या वर्षी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. त्याआधी २००१मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला होता, तो १ जानेवारी २००१पर्यंतच्या प्लॉटसाठी. २०२१मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२०पर्यंत पुढे सरकली. २०२५च्या जुलैत विधिमंडळात पुन्हा घोषणा झाली, आता १ जानेवारी २०२५पर्यंतचे तुकडे. लोक काय शिकायचं ते शिकतात. मंजूर लेआउटमध्ये जास्त पैसे मोजून प्लॉट घेणारा पुढे मूर्ख ठरतो आणि नोटरीच्या कागदावर घेणाऱ्याला दूरदृष्टीचा म्हणतात. गरिबांसाठी केलं, असं सांगितलं जातं. गरीब त्यात असतातच, आणि त्यांचं घर पाडावं असं कुणीही म्हणणार नाही. पण सूट मिळते घराला, आणि तिच्या भरवशावर पुढचं वावर कापतो तो पाडणारा. त्याला दंड झाल्याची बातमी मी तरी क्वचितच वाचतो.

नोटरीचा विषय निघालाच आहे, तर थोडं थांबू. शंभर रुपयांच्या, आता पाचशेच्या, मुद्रांकावर ‘खरेदी’ झाली असं मानणारी शिकली-सवरलेली माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगून टाकलं की मुखत्यारपत्र, करारनामा, मृत्युपत्र यांच्या जोडीने मालकी हस्तांतरित होत नाही. रीतसर नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. ते माहीत नसणं समजू शकतं. पण माहीत असून, ‘सगळ्यांनीच असं घेतलंय नं भाऊ, एकट्याचं काय होते?’ असं म्हणणाऱ्याला काय सांगावं? आणि तो अगदीच चुकीचा नाही, हीच तर पंचाईत. सगळ्यांनी घेतलं म्हणजे कधीतरी तारीख पुढे सरकणार, हा त्याचा हिशेब अनुभवावर बेतलेला आहे.

आता रीतसर जाणाऱ्याचं पाहू. दुय्यम निबंधक कार्यालयात तो मुद्रांक शुल्क भरून येतो, बायकोच्या नावावर घर घेतलं असेल तर एक टक्का सवलत घेऊन. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. फोटो निघतो, अंगठे उमटतात, साक्षीदार ओळख देतात. तिथे तपासलं जातं ते समोरचा माणूस तोच आहे का, एवढंच. तो त्या जमिनीचा मालक आहे का, हे तपासणं त्या कार्यालयाचं काम समजलं जात नाही. सातबाऱ्यावरचं नाव महसूल गोळा करण्यासाठी आहे, फेरफाराने मालकी ठरत नाही, असं न्यायालयांनी इतक्यांदा सांगितलं आहे की वकिलांना ते तोंडपाठ असतं. मग मालकी ठरते कशाने? दिवाणी न्यायालयाच्या निकालाने, म्हणजे भांडण झाल्यावर. तोपर्यंत सगळं गृहीतकावर चालतं.

म्हणून वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च घ्यायचा. इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचे उतारे, काढायचे, जुनी खरेदीखतं पाहायची, वाटणीपत्र नोंदवलेलं आहे का ते पाहायचं. बहिणींचं हक्कसोडपत्र पाहायचं. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला, आणि पुष्कळ भावांनी ती बातमी ऐकलीच नाही असं दाखवलं. त्यांनी बहिणींना न विचारता विकलेल्या जमिनीवर घर बांधणारा दहा वर्षांनी कोर्टात उभा राहतो. राग येतो त्याला त्या बहिणीचा. खरं तर तिने फक्त स्वतःचं मागितलेलं असतं. मोजणी करून घ्यायची, कारण कागदावरचं क्षेत्र आणि कुंपणातलं क्षेत्र यांची भेट झालेली असेलच असं नाही. हे सगळं करूनही सर्च रिपोर्टच्या शेवटी एक ओळ असते: सादर केलेल्या कागदपत्रांच्या आधारे. वकिलानेही हात झटकले.

‘बँकेने कर्ज दिलं म्हणजे कागद चोख’ हा समज तर काढून टाकावाच. बँकेचा वकील बँकेचा असतो. प्लॉटवर वाद निघाला तरी तुमचा पगार आणि तुमचा जामीनदार बँकेकडे असतोच. पंचवीस लाखांचं कर्ज, नऊ टक्के, वीस वर्षं: हप्ता साधारण साडेबावीस हजार, एकूण फेड चौपन्न लाखांच्या घरात. पहिल्या वर्षी भरलेल्या दोन लाख सत्तर हजारांतून मुद्दल फिटतं जेमतेम सत्तेचाळीस हजार. हा हप्ता जमीन कुणाची ठरते यावर थांबत नाही.

या सगळ्याला उत्तर म्हणून जगात एक पद्धत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८मध्ये रॉबर्ट टॉरेन्सने कायदा करून घेतला: सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तोच मालक, आणि नोंदीतल्या चुकीने कुणाचं नुकसान झालं तर भरपाई एका हमी निधीतून. आपल्याकडेही प्रयत्न झाले. राजस्थानने २०१६मध्ये शहरी जमिनींसाठी कायदा केला. आंध्र प्रदेशाचा कायदा २०२३मध्ये लागू झाला आणि सरकार बदलताच २०२४मध्ये रद्द झाला. तिथे तो निवडणुकीचा मुद्दा झाला, कारण लोकांना भीती वाटली की एका अधिकाऱ्याच्या लेखणीने जमीन जाईल आणि दिवाणी न्यायालयाचा दरवाजाही बंद होईल. ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी खेटे घातलेल्या कुणालाही ती लगेच समजेल. जो दप्तर नीट ठेवू शकत नाही त्याच्या हाती अंतिम शब्द द्यायचा का, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही सगळं आहे तसंच ठेवा, हे त्याचं उत्तर होत नाही. त्याकडे शेवटी येतो.

मालकी सुटली तरी माती उरते. वर्ध्याची काळी माती कापसाला आई आहे आणि घराला सावत्र. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये वावरात पडलेल्या भेगांत हात जातो. तीच माती प्लॉटखाली असते, फक्त दिसत नाही. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते आणि जूनमध्ये दारं चौकटीत अडकू लागतात. ठेकेदार म्हणतो, ‘प्लास्टरची भेग आहे साहेब, पुट्टी मारली की संपलं.’ संपत नाही. पुढच्या पावसाळ्यात ती तिथूनच परत येते. मुरूम खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी विकसित केलेले, तळाशी फुगवटा असलेले पाइल टाकावे लागतात. खर्च वाढतो. आणि तो जमिनीखाली जातो, पाहुण्यांना दाखवता येत नाही. एलिव्हेशनला, गेटच्या स्टीलला, हॉलच्या पीओपीला आपण हात सैल सोडतो. पायाशी आलो की मिस्त्रीला विचारतो, ‘चार फूट पुरेल नं?’ पाच फुटांवरही काळीच माती निघते, हे खड्डा मारल्याशिवाय कळणार कसं? प्लॉट घेण्याआधी एक खड्डा मारून पाहायला खर्च किरकोळ येतो. मुहूर्ताला आणि वास्तूच्या दिशांना आपण याहून कितीतरी जास्त देतो. बरं, फ्लॅट घेणाऱ्याला निदान कायद्याने पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची दुरुस्ती मागता येते. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेणाऱ्याला महारेरा नाही. त्याच्यासाठी ग्राहक आयोग, आणि लेखी करार केला असेल तर तो करार. बहुतेकांचा करार वहीच्या पानावर चौरस फुटाचा दर लिहून झालेला असतो.

याच भेगांमुळे मातीच्या घरांबद्दलची हळवी चर्चा मला थोडी अपुरी वाटते. कुटीला सारवण लागतं, भिंती छाबाव्या लागतात, पावसाळ्याआधी कवेलू फेरावे लागतात. तिथे ते करायला माणसं आहेत. दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने देवेंद्रकुमारांच्या नेतृत्वाखाली १९७६पासून मातीच्या बांधकामावर गंभीर काम केलं, कवेलूंच्या कमानींचं छप्पर बसवून दाखवलं. तंत्र होतं, आहे. पण सरकारी व्याख्येत मातीची भिंत ‘कच्ची’, आणि बँकेच्या मूल्यमापनात तिची किंमत जवळपास शून्य. ज्या जिल्ह्यात हे तंत्र सुधारलं गेलं, त्याच जिल्ह्यात ते वापरणाऱ्याला कर्ज मिळायची मारामार. हा विरोधाभास साधेपणावर भाषणं देऊन सुटणार नाही. व्याख्या बदलावी लागेल.

‘जमीन पळून जात नाही’ हे प्लॉट घेऊन ठेवणाऱ्यांचं लाडकं वाक्य. समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा २०२२च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला तेव्हा ते जास्तच ऐकू आलं. पळत नाही खरं, पण वापरातही येत नाही. सिमेंटचे खांब, काटेरी तार, आत बाभळी, आणि मालक पुण्याला. दुसऱ्या टोकाला घरकुलाचा लाभार्थी. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी केंद्राने ठरवलेली रक्कम एक लाख वीस हजार, घर किमान पंचवीस चौरस मीटरचं. पण घर बांधायला आधी जागा पाहिजे. ज्याच्याकडे ती नाही त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला पन्नास हजार मिळत. २०२४मध्ये ते एक लाखापर्यंत गेले. गावालगत दर वाढलेले, आणि तुकडेबंदीमुळे एवढासा तुकडा नोंदवणंच कठीण झालेलं. ज्या कायद्याला वळसा घालून व्यापारी एकरच्या एकर कापतो, तोच कायदा मजुराच्या पाचशे फुटांना आडवा येत आला आहे. नगरपालिकेने आणि ग्रामपंचायतीने वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवलेल्या मंजूर प्लॉटवर दरवर्षी चढता कर लावायला हरकत काय आहे? नोकरदार वर्गाला हे आवडणार नाही. मी त्याच वर्गातला आहे आणि मला तो कर मान्य आहे.

आता आंध्रचा धडा. सगळ्या जमिनींची हमी एका फटक्यात द्यायला जाऊ नये. सुरुवात नव्याने मंजूर होणाऱ्या लेआउटपासून करावी. तिथे मंजुरी देण्याआधी सरकारी यंत्रणा जमिनीची मालकी, मोजणी, नकाशा सगळं तपासतेच. निदान तपासल्याच्या सह्या तरी करते. त्या सहीची किंमत तिने मोजावी. मंजूर लेआउटमधल्या प्लॉटची मालकी पुढे खोटी निघाली तर खरेदीदाराला भरपाई द्यावी, आणि दिवाणी न्यायालयाचा रस्ता सगळ्यांना उघडा ठेवावा. पैसा कुठून? प्रत्येक दस्तावर घेतल्या जाणाऱ्या नोंदणी फीतला एक लहानसा हिस्सा बाजूला काढला की टॉरेन्ससारखा निधी उभा राहतो. यात दुसराही फायदा आहे: मंजूर प्लॉटला सरकारी हमी आहे आणि सामाईक सातबाऱ्याला नाही, एवढा फरक उघड दिसला की नोटरीचा धंदा आपोआप मंदावेल. परिपत्रकांनी तो आजवर मंदावलेला नाही.

गावठाणातल्या जुन्या घरांना याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. मिळकत पत्रिका पणजोबांच्या नावावर निघते आणि घरात चार चुलते असतात. त्यांतला एक हिंगणघाटला, एक नागपूरला. तिथे आधी वारसनोंदी हव्यात, आणि त्यासाठी तलाठ्याने गावात येऊन बसायला हवं, लोकांनी तहसीलला जाऊन नव्हे.